उठून दिसतं, डोळ्यात भरतं की खुपतं? योग्य इंग्रजी विशेषण निवडण्याची रीत

शिष्यवृत्तीच्या अर्जात एका मुलीनं लिहिलं होतं, "आय ॲम अ कन्स्पिक्युअस स्टुडंट ऑफ माय कॉलेज." तिला म्हणायचं होतं, मी कॉलेजातली उल्लेखनीय विद्यार्थिनी आहे. वाचणाऱ्याला कळलं ते असं, की ही मुलगी कॉलेजात वेगळी पडते आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर जातात. एका मुलानं आपल्या गावच्या प्रसिद्ध हनुमान मंदिराला 'नटोरिअस टेंपल' करून टाकलं. तिसऱ्यानं पिकाच्या नुकसानीच्या अर्जात 'अपॅरंट लॉस' लिहिलं. त्याचा अर्थ झाला वरवर दिसणारं नुकसान, म्हणजे खरं असेलच असं नाही. ज्या बापाचं वावर गेलं त्याच्या अर्जात असा शब्द जाणं मला फार लागलं.

तिघांनीही शब्दकोश उघडला होता. आळस कोणीच केला नव्हता. "मॅडम, डिक्शनरीत त सगळ्याइचा एकच अर्थ देला हाये," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोशात या साऱ्या शब्दांपुढे लक्षणीय, ठळक, उल्लेखनीय, स्पष्ट हेच चार शब्द आलटून पालटून येतात. चूक होते ती क्रमात. आपण आधी इंग्रजी शब्द शोधतो आणि मग तो वाक्यात बसवतो. हा क्रम उलटा करायचा आहे.

## तयारी: वही, मोबाईल आणि एक सवय मोडणं

एक जाड वही घ्या. प्रत्येक शब्दाला एक अख्खं पान द्या, ओळ नाही. पानावर शब्दाचा मराठी अर्थ लिहायचा नाही, हे आधी ठरवून टाका. अर्थाऐवजी तीन गोष्टी लिहायच्या: त्या शब्दाशी जुळणारं मराठी क्रियापद, त्याच्यासोबत नेहमी येणारी तीन-चार इंग्रजी नामं, आणि तुमच्या गावातलं एक दृश्य.

मोबाईलमध्ये शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश असू द्या. शक्यतो नेटवर्क नसतानाही चालणारा घ्या, कारण आपल्याकडे वावरात किंवा धुऱ्यावर बसून वाचणारी मुलं कमी नाहीत. त्यात व्याख्येपेक्षा उदाहरणांची वाक्यं वाचा. व्याख्या इथेही फिरून फिरून तिथेच येते, उदाहरणं तशी फसवत नाहीत.

मोडायची सवय एकच: 'लक्षणीय' या शब्दापासून सुरुवात करणं. हा शब्द वहीत येऊच देऊ नका. वर्तमानपत्रात तो वाढीला लागतो, घटीला लागतो, उपस्थितीला लागतो, आणि म्हणूनच तो तुम्हाला नेमकं काहीच सांगत नाही.

## टप्पा 1: आधी बोलीतलं वाक्य, क्रियापदासकट

आपल्या मराठीत हा फरक आधीपासून आहे, मात्र तो विशेषणांत नसून क्रियापदांत आहे. आई भाजीत मीठ कमी पडलं तर 'जाणवतं' म्हणते. वखराच्या मागे काळ्या मातीत चालणारा पांढरा बगळा 'उठून दिसतो'. पोळ्याच्या दिवशी झुली घालून, शिंगं रंगवून तोरणाखाली उभी केलेली बैलजोडी 'डोळ्यात भरते'. लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावातली चूक 'डोळ्यात खुपते'. ही चार क्रियापदं तुम्ही कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. बगळा खुपला असं कोणी म्हणत नाही.

म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तीच गोष्ट घरच्या माणसाला सांगत आहात असं समजून एक मराठी वाक्य लिहा. बोलीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, चालेल. त्यात कोणतं क्रियापद आपोआप आलं ते अधोरेखित करा.

तपासा: तुमच्या मराठी वाक्यात 'लक्षणीय', 'उल्लेखनीय', 'ठळक' यांपैकी काही असेल तर वाक्य पुन्हा लिहा. ते बोलीत आलेलं नाही, पुस्तकातून आलं आहे.

## टप्पा 2: डोळ्यानं दिसलं की डोक्यानं कळलं?

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट इंद्रियांना जाणवली, की खुणा पाहून मनानं ताडली?

सकाळी उठल्यावर अंगण ओलं, पन्हाळीतून थेंब गळतायत. रात्री पाऊस पडताना तुम्ही पाहिला नाही, तरी पडला हे कळलं. ही डोक्यानं कळलेली गोष्ट, तिचे शब्द वेगळे: ऑब्व्हियस, एव्हिडंट, अपॅरंट. ओलं अंगण मात्र डोळ्यानं दिसलं. त्याचे शब्द नोटिसेबल, कन्स्पिक्युअस, प्रॉमिनंट, स्ट्रायकिंग.

ही वाटणी लोखंडी भिंत नाही, शब्द कधी कधी इकडून तिकडे जातात. पण सुरुवातीला ती पाळलीत तर निम्म्या चुका इथेच संपतात. डोळ्याचे शब्द असतील तर टप्पा 3, डोक्याचे असतील तर थेट टप्पा 4.

## टप्पा 3: डोळ्याला दिसणारे चार शब्द

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. घाईत वाचू नका.

नोटिसेबल: जाणवतं. यात मोठेपणा नाही, भपका नाही. लक्ष दिलं तर कळेल एवढाच फरक आहे. हा शब्द फक्त डोळ्याचा नाही. वास, चव, आवाज, थंडी, यांनाही चालतो. फवारणी झालेल्या वावराजवळून जाताना येणारा वास नोटिसेबल असतो, व्हिजिबल कधीच नसतो. आणि व्हिजिबल म्हणजे दिसू शकेल असं, मग कोणाचं लक्ष जावो न जावो. आभाळातला बारीक तारा व्हिजिबल असतो, पण नोटिसेबल असेलच असं नाही.

सोबत येणारी नामं: चेंज, डिफरन्स, इंप्रूव्हमेंट, इनक्रीज, स्मेल. माणसाला सहसा हा शब्द लावत नाहीत. माणसात झालेल्या बदलाला लावतात.

कपाशीचंच घ्या. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते आणि शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. पण फुलं लागण्याच्या काळात काही फुलं पूर्ण न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहतात. आपण तिला डोमकळी म्हणतो. ही डोमकळी म्हणजे नोटिसेबल साईन. लक्ष असलेल्या कास्तकाराला ती दिसते, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसत नाही. इथे कन्स्पिक्युअस लिहिलंत तर वाक्य खोटं होतं, कारण अळीचा सारा धोका ती उठून दिसत नाही यातच आहे.

कन्स्पिक्युअस: उठून दिसतं. भोवतालापासून वेगळं असल्यामुळे न पाहणाऱ्याचीही नजर तिथे जाते. या शब्दाला नेहमी भोवताल लागतो. पांढरा बगळा काळ्या मातीत कन्स्पिक्युअस, कापूस फुटलेल्या वावरात तेवढा नाही. फाल्गुनात पानं गळालेल्या जंगलात केशरी फुललेला पळस कन्स्पिक्युअस, पावसाळ्यात तोच पळस शेजारच्या झाडांत मिसळून जातो. म्हणून हा शब्द लिहिताना 'कशाच्या तुलनेत?' याचं उत्तर वाक्यात किंवा निदान मनात हवंच.

माणसाला लावला की यात थोडी अडचण मिसळते. लग्नात सगळे नटून आलेले आणि आपण वावरातून तसेच मळक्या कपड्यांत पोचलो, तर जे वाटतं ते 'फील कन्स्पिक्युअस'. शिष्यवृत्तीच्या अर्जातली चूक इथली. त्या मुलीनं स्वतःचं कौतुक करायला घेतलेला शब्द कौतुकाचा नव्हताच. एखादा माणूस जिथे हवाच होता तिथे आला नाही आणि ते सगळ्यांच्या ध्यानात आलं, तर 'कन्स्पिक्युअस बाय हिज ॲब्सेन्स' म्हणतात. ही ठरलेली शब्दरचना आहे, तशीच पाठ करा.

कायद्याच्या भाषेतही हा शब्द भेटेल. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 5, नियम 17 मध्ये समन्स घ्यायला कोणी तयार नसेल किंवा कोणी सापडत नसेल तर त्याची प्रत घराच्या बाहेरच्या दारावर किंवा घराच्या इतर 'कन्स्पिक्युअस पार्ट'वर चिकटवायला सांगितलं आहे. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर चुकणार नाही अशा जागी. गोठ्याच्या मागच्या भिंतीवर नाही. कोर्टात किंवा तहसीलमध्ये टंकलेखनाचं काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रॉमिनंट: पुढे आलेलं, वर उठलेलं. रामटेकची टेकडी सपाट मुलखात दुरून दिसते, कारण ती वर उठलेली आहे. ती प्रॉमिनंट. पुढे आलेलं नाक प्रॉमिनंट, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलेली बातमी प्रॉमिनंट. माणसाला लावला तर समाजात वरच्या किंवा पुढच्या जागी असलेला. कृषिमंत्री राहिलेले आणि अमरावतीत शिक्षणसंस्था उभारणारे डॉ. पंजाबराव देशमुख यांना 'प्रॉमिनंट लीडर' म्हणणं बरोबर आहे. कन्स्पिक्युअस लीडर म्हणणं नाही.

या दोघांत गोंधळ होतो तो फलकाच्या बाबतीत. ग्रामपंचायतीनं फलक 'प्रॉमिनंट प्लेस'ला लावला असंही लिहितात आणि 'कन्स्पिक्युअस प्लेस'ला असंही. दोन्ही चालतं. पण जोर वेगळ्या ठिकाणी पडतो. पहिल्यात जागेला मान दिला, समोर ठेवलं, असा सूर आहे. दुसऱ्यात कोणी 'मला दिसला नाही' म्हणू शकणार नाही, असा.

स्ट्रायकिंग: डोळ्यात भरतं. इथे पाहणाऱ्यावर परिणाम होतो. पाऊल थांबतं, तोंडून काहीतरी निघतं. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तो बदल नुसता नोटिसेबल नव्हता, स्ट्रायकिंग होता. सोबत येणारी नामं: कॉन्ट्रास्ट, रिझेम्ब्लन्स, फीचर, एक्झाम्पल. दोन बहिणी एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की पाहुणा दचकतो, तर 'स्ट्रायकिंग रिझेम्ब्लन्स'. चेहऱ्याला लावला तर निव्वळ सुंदर असा अर्थ होत नाही. एकदा पाहिला की विसरत नाही असा होतो.

कन्स्पिक्युअस आणि स्ट्रायकिंग यांतला फरक ज्यांना अजून पकडता येत नाही त्यांनी ताडोब्यातला वाघ डोळ्यांपुढे आणावा. पिंजऱ्यात किंवा फोटोत त्याचे पट्टे स्ट्रायकिंग असतात, नजर हटत नाही. तोच वाघ उन्हाळ्यात वाळलेल्या उंच गवतात बसला तर त्याच पट्ट्यांमुळे त्याच्या अंगाची कडाच कळत नाही, तो गवतात विरून जातो. तिथे तो कन्स्पिक्युअस नाहीच, उलट इनकन्स्पिक्युअस आहे. वाघ एकच, पट्टे तेच. एक शब्द पाहणाऱ्याच्या मनावरचा परिणाम सांगतो, दुसरा भोवतालाशी असलेलं नातं.

सावध: 'स्ट्रायकिंग वर्कर्स' म्हणजे डोळ्यात भरणारे कामगार नव्हे. संपावर गेलेले कामगार. वर्कर्स, टीचर्स, एम्प्लॉईज यांच्या आधी हा शब्द ठेवण्यापूर्वी दोनदा विचार करा.

तपासा: पुढच्या चार वाक्यांना एकेक शब्द द्या. गावाच्या वेशीवरची पाण्याची उंच टाकी. चहात साखर थोडी जास्त. हिरव्या सोयाबीनमध्ये पिवळं पडलेलं एकच झाड. आजीचा आणि नातीचा आवाज हुबेहूब सारखा. उत्तरं अनुक्रमे प्रॉमिनंट, नोटिसेबल, कन्स्पिक्युअस, स्ट्रायकिंग. दोनपेक्षा जास्त चुकली तर पुढे जाऊ नका, हा टप्पा उद्या पुन्हा वाचा.

## टप्पा 4: डोक्यानं कळणारे तीन शब्द

ऑब्व्हियस म्हणजे उघड आहे, पुरावा मागायचं कारणच नाही. पुलावरून पाणी वाहतंय आणि एसटी पुढे जाणार नाही: ऑब्व्हियस.

एव्हिडंट म्हणजे खुणांवरून दिसून येतं. एव्हिडन्स म्हणजे पुरावा, हा त्याच घरातला शब्द आहे, असं लक्षात ठेवा. गारपिटीनंतर संत्र्याच्या बागेत गेलात, फांद्या मोडलेल्या, फळांवर मारा लागलेला, खाली सडा पडलेला. नुकसान मोठं आहे हे त्या खुणांवरून एव्हिडंट होतं. अर्जात, पंचनाम्यात, अहवालात हाच शब्द घ्या, आणि त्याच्यापुढे 'फ्रॉम' लावून खूण लिहा: 'द डॅमेज इज एव्हिडंट फ्रॉम द ब्रोकन ब्रँचेस.' खूण लिहिली नाही तर हा शब्द पोकळ वाटतो.

अपॅरंट मात्र दुतोंडी आहे आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच पडतात. नियम असा: क्रियापदानंतर आला तर बहुधा 'स्पष्ट झालं', नामाच्या आधी आला तर बहुधा 'वरवर दिसणारं'. 'इट बिकेम अपॅरंट दॅट द क्रॉप हॅड फेल्ड' म्हणजे पीक गेलं हे स्पष्ट झालं. पण 'अपॅरंट लॉस' म्हणजे दिसायला नुकसान, खरं काय ते पुढे ठरेल. त्या मुलानं 'एव्हिडंट लॉस' किंवा सरळ 'हेवी लॉस' लिहायला हवं होतं.

मघाचं बोंड पुन्हा हातात घ्या. बाहेरून चांगलं, आत अळी. ते 'ॲन अपॅरंटली हेल्दी बोल'. दिसायला निरोगी. फोडलं की आतलं नुकसान एव्हिडंट. याच एका बोंडावर हे दोन शब्द पक्के करा.

नियमाला दोन नेहमीचे अपवाद आहेत. 'फॉर नो अपॅरंट रीझन' म्हणजे दिसण्याजोगं काहीच कारण नसताना. आणि निकालाच्या पुनर्विलोकनासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 47, नियम 1 मध्ये येणारा शब्दप्रयोग, 'एरर अपॅरंट ऑन द फेस ऑफ द रेकॉर्ड': कागद पाहताच कळणारी, लांबलचक युक्तिवाद न लागणारी चूक. इथे अपॅरंट नामाच्या मागे आला आहे, तेव्हा तसं पाहिलं तर नियम मोडतही नाही.

सावध: वरिष्ठांना किंवा कार्यालयाला लिहिताना 'ऑब्व्हियसली' टाळा. 'हे उघड आहे' म्हणजे 'तुम्हाला एवढंही कळत नाही का' असा सूर लागतो. मुलाखतीतही. प्रश्नाचं उत्तर ऑब्व्हियसलीनं सुरू करणारी बरीच मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या मनात उद्धटपणा अजिबात नसतो, पण समोरच्याला तो ऐकू येतो.

## टप्पा 5: खुपणारे शब्द वेगळ्या पानांवर ठेवा

दिसणं वाईट अर्थानं असेल तर वरचे शब्द पुरत नाहीत, आणि वाईटाचे शब्द चांगल्याला लावले तर अपमान होतो. म्हणून वहीची शेवटची पानं यांना द्या.

ग्लेअरिंग म्हणजे डोळ्यात खुपणारं. चूक, उणीव, अन्याय यांच्यासोबत. 'ग्लेअरिंग मिस्टेक', 'ग्लेअरिंग ओमिशन'. लाभार्थ्यांच्या यादीत ज्याचं घर पडलं त्याचंच नाव नाही, तर ती ग्लेअरिंग ओमिशन. चैत्र-वैशाखातलं ऊन डोळ्यांवर मारतं तसं. किंबहुना अशा डोळे दिपवणाऱ्या उजेडालाही हाच शब्द आहे.

ब्लेटंट म्हणजे धडधडीत. करणाऱ्याला लाजही नाही. आपण 'धडधडीत खोटं' म्हणतो तिथे 'ब्लेटंट लाय'. ग्लेअरिंग चूक नकळत होऊ शकते, ब्लेटंट कृत्य जाणूनबुजून असतं. हा फरक तक्रार लिहिताना फार महत्त्वाचा आहे. समोरच्याकडून गफलत झाली असेल आणि तुम्ही ब्लेटंट लिहिलंत तर तुम्ही त्याच्या हेतूवर आरोप केला, आणि तो सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते.

फ्लॅग्रंट त्याच्या जवळचाच, पण तो नियम आणि कायदा मोडण्यासोबत जास्त येतो: 'फ्लॅग्रंट व्हायोलेशन'. एग्रीजिअस कमी भेटतो. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'कळपाबाहेरचा'. कळपाबाहेर पडून दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं ढोर आठवा, म्हणजे अर्थ विसरणार नाही: सगळ्यांहून वेगळं, आणि वाईट.

नटोरिअस म्हणजे वाईट गोष्टीसाठी प्रसिद्ध. नागपूर संत्र्यांसाठी 'फेमस', उन्हाळ्यासाठी 'नटोरिअस'. हे एक वाक्य पाठ केलंत तरी मंदिराला नटोरिअस म्हणायची वेळ येणार नाही.

## टप्पा 6: कौतुकाचे शब्द

नोटेबल आणि नोटवर्दी म्हणजे नोंद घ्यावी असं. दोन्ही शांत शब्द आहेत, अहवालात शोभतात. नोटेबल आणि नोटिसेबल मात्र एक समजू नका. नोटिसेबल म्हणजे लक्षात येण्याइतपत, नोटेबल म्हणजे लक्षात ठेवण्याच्या योग्यतेचं. शर्टावरचा डाग नोटिसेबल असतो. तो नोटेबल होऊ शकत नाही.

रिमार्केबल म्हणजे नवल वाटावं असं. गाडगेबाबांवर निबंध लिहिताना त्यांच्या वेषाला, म्हणजे अंगावरच्या चिंध्या, हातातला खराटा आणि डोक्यावरचं गाडगं याला, स्ट्रायकिंग म्हणा. शाळा न शिकलेल्या माणसानं धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या, त्या कामाला रिमार्केबल म्हणा. वेष डोळ्यात भरतो, काम नवल वाटायला लावतं.

आउटस्टँडिंग म्हणजे इतरांहून सरस. विद्यार्थ्यासाठी, खेळासाठी, कामासाठी बिनधास्त वापरा. कन्स्पिक्युअस स्टुडंटच्या जागी त्या मुलीला हाच शब्द हवा होता. तरीही स्वतःबद्दल स्वतःच तो लिहू नये असं माझं मत आहे. किती टक्के मिळाले, कोणत्या स्पर्धेत कितवी आले, ते लिहावं.

सावध: पैशाच्या शेजारी आउटस्टँडिंग आला की अर्थ 'थकलेलं, बाकी'. 'आउटस्टँडिंग लोन' म्हणजे उत्तम कर्ज नव्हे, न फेडलेलं कर्ज. सोसायटीच्या किंवा बँकेच्या नोटिशीत हा शब्द दिसला तर सही करण्याआधी समोरचा आकडा नीट पाहा.

## टप्पा 7: ठरलेल्या जोड्या

काही विशेषणांचं लग्न ठरलेल्या नामाशीच लागलेलं असतं. सेलिअंट बहुतेक वेळा फीचर्स किंवा पॉइंट्ससोबत: योजनेचे सेलिअंट फीचर्स, म्हणजे मुद्द्याच्या बाबी. सेलिअंट टेकडी किंवा सेलिअंट बैल लिहू नका. मार्क्ड बदल आणि फरकाला: 'मार्क्ड इंप्रूव्हमेंट'. प्रनाउन्स्ड ढब, लंगडणं, बोलण्यातली लकब यांना: 'प्रनाउन्स्ड लिंप', 'प्रनाउन्स्ड ॲक्सेंट'.

बदल किती मोठा हे सांगायचं असेल तर पायऱ्या अशा: नोटिसेबल, त्याच्या वर मार्क्ड, त्याच्या वर रिमार्केबल. सहामाहीत पस्तीस गुण होते, आता चाळीस: नोटिसेबल. पस्तीसचे पंचावन्न: मार्क्ड. पस्तीसचे नव्वद: रिमार्केबल. पाच गुणांच्या वाढीला रिमार्केबल लिहून पालकांना खूश करणारे शेरे मी पाहते, तेव्हा त्या लेकराचं पुढचं खरं यश कोणत्या शब्दात सांगणार, असा प्रश्न पडतो.

## सगळं लिहून झाल्यावर: तीन तपासण्या

पहिली, उलटा शब्द ठेवून पाहा. कन्स्पिक्युअसच्या उलट 'मिसळून गेलेलं', प्रॉमिनंटच्या उलट 'मागे पडलेलं', रिमार्केबलच्या उलट 'साधंसुधं', एव्हिडंटच्या उलट 'खूणच नाही'. उलटा अर्थ तुमच्या वाक्यात बसत नसेल तर मूळ शब्दही चुकला आहे.

दुसरी, स्पेलिंग आणि उच्चार. नोटिसेबलमध्ये 'सी' नंतरचा 'ई' तसाच राहतो, नोटेबलमध्ये 'टी' नंतरचा 'ई' गळतो. मार्क्डचा उच्चार एका झटक्यात, 'मार्क्ट' असा. त्याचं क्रियाविशेषण मात्र 'मार्किड्ली', तीन तुकड्यांत. अपॅरंटमध्ये जोर मधल्या 'पॅ'वर.

तिसरी फक्त परीक्षेसाठी. तलाठी भरतीसारख्या पेपरांत समानार्थी शब्द विचारतात आणि पर्यायांत यातले दोन एकदम येतात. अशा वेळी दिलेलं वाक्य आधी वाचा, शब्द नंतर. वाक्यात चूक किंवा गुन्हा असेल तर टप्पा 5 मधला शब्द, खूण किंवा पुरावा असेल तर एव्हिडंट, भोवताल सांगितला असेल तर कन्स्पिक्युअस. वाक्यच नसेल, नुसता शब्द असेल, तर निदान चांगला-वाईट सूर जुळणारा पर्याय निवडा.

## एक परिच्छेद दुरुस्त करून

एका विद्यार्थ्याचा पोळ्यावरचा परिच्छेद मूळ असा होता. बैल 'कन्स्पिक्युअस' दिसत होते. गावचे 'नोटिसेबल' लोक तोरणाजवळ जमले. यंदा बैलजोड्या कमी झाल्याचा फरक 'आउटस्टँडिंग' होता. ट्रॅक्टर वाढल्याचं 'स्ट्रायकिंग' कारण होतं.

त्याला चारही वाक्यं आधी बोलीत सांगायला लावली. तो म्हणाला, "बैल असे डोळ्यात भरत होते. गावातले पुढचे लोक जमले होते. जोड्या कमी झाल्या, थे त कोणाच्याही ध्यानात येईल. अन् कारण काय, घरोघरी ट्रॅक्टर उभे हायेत, उघडच हाये." तिथल्या तिथे चारही शब्द त्यानं स्वतः बदलले: स्ट्रायकिंग, प्रॉमिनंट, नोटिसेबल, ऑब्व्हियस. मग थोडं थांबून तिसरा खोडला आणि मार्क्ड लिहिला. मी विचारलं, काहून? त्यानं सांगितलं, त्याच्या लहानपणी तोरणाखाली जोड्यांची रांग मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत जात होती, यंदा ती देवळापाशीच संपली.